फळ्यांमागचं दार

"दुसरं दार कुठंय?"

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की मिस्त्री आधी हे विचारायचे. रामराम, सलाम, पाणी, सगळं त्याच्यानंतर. घरमालक गोंधळून मागं बोट दाखवायचा. मग मिस्त्री स्वयंपाकघरातून, मोरीच्या कडेनं थेट मागं जायचे, कडी काढून बाहेर पडायचे, बोळातून वळसा घालून पुढच्या दारानं पुन्हा आत यायचे आणि मगच सतरंजीवर टेकायचे. "हां," म्हणायचे, "आता आना चा."

एकदा पुतण्यासाठी मुलगी पाहायला औशाला गेले होते. तिथंही तेच. बाकीची मंडळी बैठकीत बसली आणि हे सरळ आत. आत बायका मुलीला नटवत होत्या. एकच किंकाळी उठली. मिस्त्री वळसा घालून परत आले तेव्हा मुलीचा बाप लालबुंद झालेला आणि पुतण्या तोंड लपवायला जागा शोधत होता. मिस्त्री शांतपणे बसले. म्हणाले, "घर चांगलं हाय. आमाला पोरगी पसंत हाय." सोयरीक जमली. पुढं त्या सुनेनंच हा किस्सा आम्हाला पोट धरून हसत सांगितला.

अशा माणसाला आपण विक्षिप्त म्हणतो आणि मोकळे होतो. मीही झालो होतो. कुणी म्हणायचं, लहानपणी त्यांनी सरकीच्या गोदामाची आग पाहिली होती. मी एकदा विचारलं तर मला उडवून लावलं. "मी दारं करनारा मानूस. मी दाराचंच इचारनार. न्हाव्याला कुनी म्हनतं का, डोक्याकडं का बघतो?"

मी तेव्हा आगीच्या विम्याच्या कचेरीत नवा लागलेला कारकून होतो. लातूर नुकतंच उस्मानाबादेतून वेगळं होऊन जिल्हा झालं होतं. कलेक्टर आले, त्यांच्यामागून कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागून बदलीवरचे लोक आले, आणि त्या गर्दीत आमचीही एक शाखा आली. भाड्याच्या दोन खोल्या. तिथलं काउंटर आणि लाकडी आडभिंत मिस्त्रींनी केली. आमच्या साहेबांना फायलींचं कपाट मागच्या दारापुढं हवं होतं. मिस्त्री हातोडी खाली ठेवून म्हणाले, "साहेब, तुमी आगीचा धंदा करता. आग हितंच आली तर आधी कोन पळंल, तुमी का फायली?" साहेब चिडले, पण कपाट दुसऱ्या भिंतीला गेलं.

मी उदगीरकडच्या खेड्यातला. आमचं घर बौद्ध. वडील बाहत्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडत होते आणि घरात महिन्याचा पगार आणणारा मी पहिला. लातुरात खोली शोधताना लोक आधी गाव विचारायचे, मग आडनाव. आडनाव कळलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. अशा पाच-सहा खोल्या कालच गेल्यावर मिस्त्रींना माझी दया आली म्हणा, किंवा राग आला म्हणा, त्यांनी माझी वळकटी स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि मला आपल्या मोहल्ल्यात नेलं. चुलत भावाच्या माडीवरची खोली दिली. त्या दिवसापासून मी त्यांना चाचा म्हणू लागलो आणि ते मला बाबू.

नवा जिल्हा झाला की काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. माणसं येतात, घरं तेवढीच राहतात. मग एका खोलीच्या दोन होतात. मधे हार्डबोर्ड, वर फळ्यांचा माळा, अंगणावर पत्रे, आणि ज्या वाटेनं माणूस जायचा तिथं भाडेकरूचा स्टो. लातूरभर हेच चाललं होतं आणि बरंचसं चाचांच्याच हातून. दिवसा ते हार्डबोर्ड ठोकायचे आणि संध्याकाळी त्यालाच शिव्या घालायचे. एक गोष्ट मात्र करायचे नाहीत. मागचं दार बुजवायला कुणी सांगितलं की हत्यारं पिशवीत भरून चालू लागायचे. दोन चांगली गिऱ्हाइकं मी माझ्या डोळ्यांनी जाताना पाहिली.

माझी पहिली पॉलिसीही त्यांनीच मिळवून दिली. त्यांच्या एका जुन्या मित्राची विधवा होती, मोंढ्याच्या मागच्या गल्लीत एकटी राहायची. मूलबाळ नाही. घर हेच तिचं सगळं. पुढच्या दोन खोल्या भाड्यानं देऊन ती पोट भरायची. आम्ही तिला काकू म्हणायचो, चाचा वैनी म्हणायचे. "वैनी, ह्या पोराकडून घराचा विमा काढा," त्यांनी सांगितलं आणि तिनं काढला. मी फॉर्म भरत होतो तेव्हा चाचा सवयीप्रमाणे मागच्या दारानं जाऊन पुढच्या दारानं आले. मी लिहिलं, दारे दोन.

पॉलिसीच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात एक अट असते. घरात काही फेरबदल केला तर कंपनीला लेखी कळवावे, न कळवल्यास भरपाई मिळणार नाही. ती अट मी काकूंना वाचून दाखवली होती. एवढं मी केलं होतं.

मग पाऊस गेला. आधीचं वर्ष कोरडं होतंच, हे त्याहून कोरडं. टँकर आठवड्यातून एकदा यायचा. काकूंनी मागच्या खोलीत, मोरीशेजारी, सिमेंटची टाकी बांधून घेतली आणि तिच्या झाकणाला कुलूप लावलं. पण मागचं दार जुनं, बिजागरीतून उचललं की निघायचं. टाकीचा कोयंडा तोडून दोनदा पाणी चोरीला गेलं. काकूंनी चाचांना सांगितलं, मागचं दार बुजवा. चाचांनी नाही म्हटलं. पुन्हा सांगितलं, पुन्हा नाही. तिसऱ्या वेळी टाकी तळापर्यंत उपसून नेली तेव्हा काकू त्यांच्या दुकानात येऊन जमिनीवर बसल्या आणि रडल्या. आयुष्यात पहिल्यांदा चाचांनी दार बंद केलं.

विटा घातल्या नाहीत. आतल्या बाजूनं, चौकटीला आडव्या दोन जाड फळ्या मारल्या. "आठ इस्क्रू हायत, पितळंचे," त्यांनी मला सांगितलं. "लोखंडी गंजून बसतेत, मग निघत न्हाईत. पाऊस पडला की धा मिंटात काढून टाकतो. बाबू, तुझ्या कागदावर मातर घे हे. फळ्या मारल्यात म्हनून."

मी हो म्हटलं. त्यानंतर महिन्याभरानं मी नूतनीकरणासाठी काकूंकडं गेलो. मागच्या खोलीतच बसलो, कारण तिथं टाकीमुळं गारवा होता. फळ्या माझ्यासमोर होत्या. वरच्या फळीवर काकूंनी पंचा वाळत घातला होता. चहा पिता पिता मी फॉर्म भरला. 'गेल्या वर्षात घरात काही फेरबदल?' या प्रश्नापुढं मी लिहिलं, नाही. आहे म्हणून लिहिलं असतं तर पुन्हा पाहणी, पुन्हा कागद औरंगाबादला, आणि माझं मार्चअखेरचं काम पुढं गेलं असतं. कारण एवढंच होतं. याहून मोठं कारण मी पुढं पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

पावसाला अजून अडीच महिने होते.

काकूंचा भाडेकरू कलेक्टर कचेरीतला तरुण कारकून होता. बायको उमरीकडची, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती घरातल्याच मधल्या बोळात स्टोवर स्वयंपाक करायची, माळ्याच्या खाली. वैशाखातल्या एका दुपारी नवरा जेवून कचेरीत परत गेला. काकू टँकरच्या रांगेत होत्या, टाकीची किल्ली त्यांच्या कमरेला. स्टो भडकला. हार्डबोर्ड पेटला, माळ्यावरच्या गोधड्या पेटल्या. पुढच्या दाराची वाट आगीतून होती म्हणून ती मागं पळाली. लोक धावून आले तोवर पत्रे खाली बसले होते. ती मागच्या दाराशी सापडली.

दार, चौकट, फळ्या, सगळ्याचा कोळसा झाला होता.

पोलिसांनी काकूंना विचारलं, मागचं दार कसं होतं. घाबरलेल्या त्या बाईनं सांगितलं, "नुसती कडी व्हती." दार बुजवलं म्हणावं तर मरणाचा दोष आपल्यावर येणार आणि विमाही जाणार, एवढंच तेव्हा तिला सुचलं. फळ्या आतून असल्यामुळं शेजाऱ्यांनाही त्यांचा पत्ता नव्हता. मग उमरीहून मुलीचे आईबाप आले. धडधाकट पोरगी, दार नुसतं कडी लावलेलं, मग बाहेर का पडली नाही? एक तर हिनं स्वतःला पेटवून घेतलं, नाहीतर जेवायला आलेल्या नवऱ्यानं पेटवलं. गावात दोन्ही बोललं जाऊ लागलं. नवऱ्याला पोलिसांनी नेलं. तो ओरडून सांगत होता की दाराला फळ्या होत्या. त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार?

फळ्या माहीत असलेले आणखी दोघंच होते. चाचा आणि मी.

चाचा त्याच दिवशी ठाण्यात गेले. फौजदारानं विचारलं, पुरावा काय? तू तिच्या नवऱ्याकडून काय घेतलंस? चाचा परत आले आणि चाळणी घेऊन त्या राखेत बसले. दोन दिवस उन्हात राख चाळली. येणारे-जाणारे बघत होते. मी एकदा गेलो, दुरून पाहिलं आणि परत फिरलो.

चौथ्या दिवशी नुकसानीची पाहणी करणारा बाहेरगावचा सर्व्हेअर आला. चौकशी आमच्या कचेरीत झाली. काकू काउंटरपाशी खुर्चीवर, चाचा उभे. साहेब होते, मी फाईल घेऊन होतो. चाचांनी रुमाल सोडून टेबलावर ठेवला. आत काळे पडलेले सात स्क्रू होते, दोनांना अजून लाकडाचा कोळसा चिकटलेला.

"दार म्या बंद केलं," ते म्हणाले. "आठ मारले व्हते, सात घावले. त्या पोरीनं सोताला जाळून घेतलं न्हाई. तिच्या मालकानं जाळलं न्हाई. तिला भाईर पडायला वाट नव्हती. ती वाट म्या बंद केली. हे लिवा, आन् त्याची एक नक्कल फौजदाराला द्या."

काकूंनी तोंडाला पदर लावला. सर्व्हेअर चांगला माणूस होता, त्यानं लिहिणं थांबवून चाचांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. मग सर्व्हेअरनं नूतनीकरणाचा फॉर्म उघडला आणि मला विचारलं, "फेरबदल नाही, असं लिहिलंय. तुम्ही स्वतः गेला होतात?"

"हो."

"फळ्या दिसल्या नाहीत?"

तिथं माझ्या तोंडून हो निघालं असतं तर काय झालं असतं ते मला नीट माहीत होतं. मी त्याच धंद्यातला. कंपनीच्या माणसाला बदल माहीत होता, एवढं एक वाक्य कागदावर आलं असतं तर काकूंचा क्लेम नाकारणं कंपनीला जड गेलं असतं. काकूंचं घर उभं राहिलं असतं. आणि माझी नोकरी गेली असती.

"मी पुढं ओट्यावरच बसलो होतो," मी म्हणालो. "मागं गेलोच नाही."

सर्व्हेअरनं काकूंना विचारलं, "बाई, तुम्ही कंपनीला कळवलं होतं का? किंवा कंपनीच्या कुणी पाहिलं होतं?" काकूंनी चाचांकडं पाहिलं. मग खाली बघत म्हणाल्या, "न्हाई." त्या माणसानं तेही लिहून घेतलं.

काकू विसरल्या असतील, अशी मी माझी समजूत घातली. एवढ्या दुःखात कुणाला कुठला चहा आठवतो? समजूत घालायला माणूस काय काय शोधतो, ते तुम्हालाही ठाऊक असेलच.

भाडेकरू सुटला. उमरीच्या लोकांनी मुलीची राख नेली आणि तिच्या नावामागचं बोलणं थांबलं. क्लेम नामंजूर झाला. ते पत्र टाईप करून काकूंच्या हातात द्यायचं काम माझ्याकडं आलं. काकूंनी पोचपावतीवर अंगठा उठवला आणि पत्र घडी करून कमरेला खोचलं.

चाचांवर निष्काळजीपणाचा खटला झाला. बरीच वर्षं तारखा पडत होत्या. सुटले शेवटी, पण कामं तुटली. ज्या माणसांनी त्यांच्याकडून दार बुजवून घ्यायला हट्ट केला होता, तीच आता म्हणू लागली, त्याच्या हाताला यश नाही. मला भेटले की सलाम करायचे. "बरा हाईस ना बाबू?" एवढंच. त्या गोष्टीबद्दल अवाक्षर नाही. मी माडीवरची खोली सोडली तेव्हा माझी वळकटी त्यांनीच पुन्हा खांद्यावर घेतली. मी रिक्षात बसेपर्यंत ते उभे होते. मी त्यांच्या डोळ्याला डोळा देऊ शकलो नाही.

त्या काळात ते दर शुक्रवारी नमाज झाली की काकूंच्या जळक्या जागेवर जायचे. आधी राडारोडा उपसला. मग कुठून कुठून जुनं लाकूड, जुने पत्रे, जुन्या विटा आणत गेले. एकट्याच्या हातानं, साठीच्या वयात, दोन वर्षं. काकू समोर दगडावर बसून असायच्या. एक शब्द बोलायच्या नाहीत, घोटभर पाणी पुढं करायच्या नाहीत. गावाला वाटायचं, करतोय बिचारा प्रायश्चित्त. मलाही तसंच वाटायचं. खरं सांगायचं तर त्या वाटण्यात मला सोय होती. दोष त्यांचा, फेडही त्यांची, माझ्यापर्यंत काही येत नव्हतं.

खोली पूर्ण झाली, काकू राहायला गेल्या आणि चाचा लेकीकडं नांदेडला निघून गेले. त्यांचं-माझं पुन्हा बोलणं झालं नाही. मला बढती मिळाली, मग आणखी एक. क्लेमच्या कागदांवर मीच सह्या करू लागलो.

त्यांच्या जाण्याची बातमी त्या औशाच्या सुनेकडून कळली. आठ दिवस उलटून गेले होते. झोपेतच गेले म्हणाली. मी कचेरीतून उठलो आणि कशासाठी ते कळायच्या आत काकूंच्या दारात उभा राहिलो. काकू सूप घेऊन ज्वारी निवडत होत्या. बऱ्याच थकल्या होत्या, पण मला आवाजावरून ओळखलं.

"काकू, मिस्त्री गेले."

हात थांबला. "कवा?"

"आठ दिवस झाले. नांदेडला."

मग त्या पुन्हा ज्वारी निवडू लागल्या. मला राग आला त्यांचा. खरंच आला. मी म्हणालो, "एवढं घर बांधून दिलं त्यांनी तुम्हाला. एका शब्दानं कधी बोलला नाहीत त्यांच्याशी."

काकूंनी सूप खाली ठेवलं.

"बोलले असते तर तुमचं नाव निघालं असतं तोंडातून," त्या म्हणाल्या. "म्हनून न्हाई बोलले."

मी उभाच होतो.

"तुमच्या हापिसात यायच्या आदल्या सांजेला आला व्हता त्यो. म्हनला, वैनी, दार म्या बंद केलं ते उद्या म्या सांगनार. तुमचा इमा जाईल त्यानं. मी म्हनले, का जाईल? इम्याच्या मानसानं फळ्या बघितल्यात. ह्या माझ्या हातानं च्या दिलाय त्याला, फळ्यांपुढं बसून प्याला त्यो. मी सांगते की उद्या. तर हात जोडले त्यानं. म्हनला, तुमी नका सांगू. तुमी सांगितलं तर त्याची नोकरी जाईल. त्यानं सोता सांगितलं तर निदान मान तर ऱ्हाईल. त्यो सोता सांगंल वैनी, मी वळखतो त्याला."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मी म्हनले, आन् न्हाई सांगितलं तर? म्हनला, तर घर म्या बांधून देतो."

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "बसा की," म्हणाल्या. त्या खोलीत बसायला माझी हिंमत झाली नाही. मी दारातूनच परत फिरलो.